हरभऱ्यातली पांढरी रेघ

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
४ मार्च २०२५

चि. ऋतुराज यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक, तुझी खुशाली कळवावी. असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. हर्सूलचा जेल माझ्या घरापासून रिक्षानं कितीसा लांब, तरी मी तुला पत्र लिहिते आहे, यावरून काय ते समज. मुलाखतीला माय येते, मी येत नाही. जाळीपलीकडे तुझा चेहरा बघून माझ्या तोंडून काय निघेल याचा मलाच भरवसा नाही. कागदावर निदान खोडता तरी येतं.

अक्षराला हसू नकोस. पहिलीतल्या पोराचं वाटतं, माहीत आहे. चार ओळी झाल्या की थांबावं लागतं, मनगट भरून येतं.

पत्र आत देण्याआधी साहेब लोक वाचतात म्हणे. वाचू देत. त्यांनाही नमस्कार.

आधी घरचं सांगते. तुझी बायको सोनिया माझ्याकडेच आहे. माझी वेणी घालते, भाकरी करते, कुंडीतल्या झाडांना गरजेपेक्षा जास्त पाणी घालते आणि दिवसभर बोलत नाही. माय गावाकडे आणि इकडे अशा चकरा मारते आहे. गंगापूरहून जीपमध्ये कोंबून येते आणि आल्या आल्या तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटायला बसते. ती आत देऊ देत नाहीत, तिला चारदा सांगून झालं. तरी कुटते. कडूबा काकांना घाटी दवाखान्यातून घरी सोडलं. गळ्याखालचं हाड दोन जागी मोडलं होतं, आत पट्टी बसवली आहे. म्हातारा माणूस, आता डावा हात खांद्याच्या वर जाणार नाही.

लाँच जळली हे तुला कळलंच असेल. तुला पोलीस घेऊन गेले त्याच संध्याकाळी काकांच्या पोरांनी डिझेल ओतून पेटवली. तिचा काळा धूर गंगापूरच्या रस्त्यापर्यंत दिसत होता म्हणतात. मग ते मुक्कामघरात शिरले. खाटा मोडल्या, दारं कुऱ्हाडीनं फाडली, संडासाची भांडीसुद्धा ठेवली नाहीत. भांड्यांनी काय घोडं मारलं होतं त्यांचं? मला सगळ्यात जास्त संताप आला तो व्हरांड्यातल्या फळ्याचा. लाँच कधी सुटणार, कधी पोचणार ते लिहायचा फळा. त्याचे तुकडे करून त्यांनी चुलीत घातले.

तो फळा म्हणजे सगळ्या कामाचा जीव होता. तुला कितीदा सांगितलं असेल, आणि तू दर वेळी जांभई दिली असशील! माणसं पाण्यानं प्रवास का करत नाहीत? नाव नाही म्हणून नव्हे. उतरल्यावर पाठ टेकायला जागा नाही, म्हणून. कायगावच्या पुलापासून पैठणपर्यंत एवढं पाणी पसरलं आहे आणि त्याच्या काठाला एक दार आपल्यासाठी उघडं नाही. पाण्याकडे तोंड केलेली चार मुक्कामघरं बांधायची. वीस-वीस खाटा, गरम जेवण, आणि दारात पहिली गोष्ट दिसेल ती लाँचची वेळ. मुलं येतील, सायकलवाले येतील, पक्षी बघणारे येतील. एकदा माणूस पाण्यानं जायला लागला की मग भाजीही जाईल, सिमेंटही जाईल. पर्यटन खात्यातल्या साहेबांना हे पटलं होतं. नकाशांच्या कामातली माझी भागीदार मृण्मयी हिला पटलं होतं. तिला अजून सांगावं लागतं की आपल्याकडे गंगा म्हणजे गोदावरी, पण पटलं होतं. फक्त माय म्हणायची, "होष्टेल म्हंजी पोरींचं का गं? गंगंच्या काठाला पोरी कशाला ठिवायच्या?"

आणि तुला पटलं होतं, असं मी समजून चालले होते. बजाजनगरची कंपनी सोडून तू लाँच चालवायला शिकलास तेव्हा मी सगळ्या ऑफिसला पेढे वाटले.

आता कामाचं. तुझे वकील काल येऊन गेले. दहा तारखेला न्यायाधीशांपुढे माझा जबाब आहे. घाटीत पोलीस आले होते तेव्हा मी ग्लानीत आहे असं सांगून त्यांना परत पाठवलं होतं. आता टाळता येणार नाही. वकिलांचं म्हणणं असं, की मी एवढंच सांगावं: कडूबाला वाचवायला मी मधे आले, धक्क्याच्या कठड्याचा पाईप माझ्या हातावर एकदा लागला, चुकून लागला. मग पुढच्या आठवड्यात तुझा जामीन होईल. तसं सांगितलं नाही, तर तू बराच काळ आत राहशील. मायही तेच म्हणते.

मी अजून कुणाला काही बोललेले नाही. विचार करते आहे. तूही कर, आत दुसरं काय काम आहे?

हात दुखायला लागला. जेवत जा वेळेवर.

तुझी ताई,
मेघा


मुकुंदवाडी
९ मार्च २०२५

ऋतुराज,

आशीर्वाद मागच्या वेळचेच पुरवून घे.

वकिलांनी तुझी चिठ्ठी आणून दिली. "ताई, तूच मधी आलीस. तुझ्यावर म्या हात उचलीन का? राखी बांधती तू मला." तीन वाक्यं. वाचून मी पाण्याचा तांब्या भिंतीवर फेकला. डाव्या हातानं फेकला म्हणून टीव्हीवर न लागता कॅलेंडरवर लागला, नाहीतर तेवढाही खर्च झाला असता. सोनिया मोरीतून धावत आली, तिनं माझ्याकडे बघितलं आणि ती दाराशीच थांबली. दोन पावलं मागं सरकली. त्या सरकण्यानं मी भानावर आले. आपल्या घरात राग हा कुळाचार आहे, मीही त्यातून सुटलेली नाही.

तुझ्या चिठ्ठीवरून वाटतं की वकिलांनी शिकवलेलं बोलता बोलता तुला ते खरं वाटायला लागलं आहे. म्हणून काय झालं ते तुला पहिल्यापासून लिहिते. एकदा तरी नीट वाच.

धरण झालं, जुनं गाव पाण्यात गेलं. दर वर्षी पाणी उतरलं की ज्याचं शेत जिथं बुडालं तिथंच त्यानं गाळपेर करायची, ही आपल्याकडची रीत. तिथं बांध घालत नाहीत, खुंटी ठोकत नाहीत, दगड रोवत नाहीत. शेजारी-शेजारी मारुतीच्या पारापाशी उभे राहतात, दोराचं एक टोक एकानं धरायचं, दुसरं दुसऱ्यानं, दोर ताणला की नांगर घालायचा आणि दोर गुंडाळून घरी न्यायचा. आप्पा आणि कडूबा काका जन्मभर असा दोर धरत आले. भांडणं झाली तरी दोराच्या दिवशी बोलायचे. आप्पा गेले आणि तू काकांना बोलावणंच बंद केलंस. एकट्यानं ट्रॅक्टर घातलास. गावची जुनी पाणंद नांगरलीस, आणि पाणंदीपलीकडची काकांची जमीनही थोडी थोडी करून पोटात घेतलीस. काका गप्प बसले. बुडालेल्या जमिनीवरून काय भांडायचं, असं त्यांना वाटलं असेल.

मला यातलं काही माहीत नव्हतं. पाणी मागं गेलं की लाँचचा तरंगता धक्काही मागं न्यावा लागणार आणि मुक्कामघरापासून धक्क्यापर्यंत माणसांना गाळातून चालावं लागणार. गाळात गुडघाभर पाय जातो. जुन्या पाणंदीखाली मात्र दगड आहे, तिथं रुतत नाही. म्हणून मी पायवाट पाणंदीवरूनच घेतली. पार वर आला होता, वेशीचे दोन दगड वर आले होते, त्यावरून रेषा काढणं सोपं होतं. इथवर ठीक. मग मी शहाण्या बाईनं ती रेषा जमिनीवर आखली. तुझ्या हरभऱ्यातून, पांढरी फक्की मारून, पारापासून वरपर्यंत. इंजिनियर लोक येणार, त्यांना वाट कुठून जाते ते दिसायला हवं ना! ज्या जमिनीवर आजवर कुणी खूण केली नाही तिथं मी चुन्याची रेघ ओढली, आणि तीही नेमकी लाँचच्या पहिल्या फेरीच्या दिवशी. याच मातीत जन्मून एवढं कळू नये? माझी चूक आहे. ती मी कोर्टातही सांगेन.

त्या सकाळी तू लाँच किती छान आणलीस! कॉलेजची मुलं टाळ्या वाजवत उतरली. खात्यातले साहेब व्हरांड्यात पोहे खात होते. माय भाकऱ्यांची पाटी घेऊन खालच्या वाटेनं येत होती. कडूबा काका पारावर बसले होते, त्यांनी रेघ बघितली, हरभरा बघितला आणि त्यांना हसू फुटलं. ते ओरडून म्हणाले, "ऋतू, आरं तुझ्या हरभऱ्यातून गावची पाणंद निघाली की रं! आन् आमचं वावर बी निघालं वाटतं!" वरची मुलं हसली. का हसायचं ते त्यांना माहीतही नसेल. साहेबही हसले.

तू हसला नाहीस. कठड्यासाठी आणून ठेवलेल्या पाईपांतला एक तू उचललास. ते पाईप मी निवडले होते, जाड पत्र्याचे, पाण्यात गंजू नयेत म्हणून जस्त चढवलेले. हातभर लांब तुकडा. मला वाटलं, तू रेघ पुसायला निघालास.

काकांच्या खांद्यावर तो बसला तेव्हा सुकं लाकूड मोडावं तसा आवाज आला. ते पारावरून खाली पडले. तू पुन्हा उचललास. या वेळी डोक्याच्या रोखानं. मी धावले आणि हात आडवा केला. मनगट गेलं. हे झालं एक. वकिलांच्या गोष्टीत इथं माझी शुद्ध हरपते.

माझी शुद्ध हरपली नाही रे.

मी हरभऱ्यात पडले होते. घाटे गालाला लागत होते, आंबट वास येत होता. उजवा हात फक्कीवर पसरला होता, बोटं पांढरी झाली होती. वरून मुलं ओरडत पळत येत होती, पण अजून लांब होती. कडूबा काका कण्हत होते, त्यांच्याकडे तू बघितलंसुद्धा नाहीस. तू माझ्याजवळ आलास. मला वाटलं, उचलायला आलास. मी डावा हात वरही केला, तू धरशील म्हणून.

तू माझ्या कोपरावर पाय ठेवलास. चप्पल नव्हती पायात, लाँचवर तू अनवाणीच असतोस. आणि म्हणालास, "ह्याच हातानं काढली ना गं रेघ?"

मी "ऋतू, नको" म्हणाले. एवढंच म्हणाले. तू सावकाश पाईप डोक्यावर नेलास. घाई नव्हती तुला. खुंटी ठोकताना नेम धरतात तसा नेम धरलास आणि माझ्या बोटांवर आणलास.

हा दुसरा. हा मधे येऊन लागलेला नाही, चुकून लागलेला नाही. डॉक्टरांनी फोटो काढले तेव्हाच ते म्हणाले, मनगटाची मोड वेगळी आणि बोटांची वेगळी. बोटं खाली कशावर तरी ठेवलेली होती. दोन बोटं काढावी लागली हे मायनं तुला सांगितलं नसेल. अंगठा हलतो. पेन्सिल धरता येत नाही. मागच्या पत्रात मी तुला माझं अक्षर बघून हसू नको म्हणाले, आणि ते डाव्या हाताचं आहे हे लिहायचं टाळलं. तुला वाईट वाटेल म्हणून! मार खाल्ला मी, आणि तुला वाईट वाटू नये ही काळजीही मीच करायची.

माय काल आली होती. ती तेव्हा हरभऱ्याच्या कडेला होती. पाटी तिच्या डोक्यावरून पडली होती आणि भाकऱ्या मातीत गेल्या होत्या. तिनं सगळं बघितलं. "राजा, बास!" हे तीच ओरडली होती, दुसऱ्या फटक्यानंतर. काल माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "म्या काय बघितलं नाय."

"माय, तू ओरडलीस."

"वरडले आसंल. मला कायबी याद नाय. मेघे, एकाच फटक्याचं सांग गं. माझं लेकरू आत हाय."

"आणि मी?"

"तू भाईर हाईस ना. झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. घरातलं घरात ऱ्हाऊ दे."

मी पट्टीतला हात तिच्यापुढे धरला. म्हटलं, "झाकून दाखव. बोटं राहिली तेवढ्यांची मूठ वळून दाखव." ती रडायला लागली. मला तिची कीव आली नाही, आणि आली नाही याचं वाईट वाटलं. मग मी विचारलं, "माय, तुझे पुढचे दात कशानं पडले?"

तिनं लगेच सांगितलं, "हौदाच्या कडंवर पडले व्हते." इतकी वर्षं झाली, आप्पा जाऊनही तीन वर्षं झाली, तरी तोंडावर तयार. आप्पांनी तांब्या फेकला होता. तू सात-आठ वर्षांचा होतास, माझ्या मागं लपला होतास. मी तुझे कान झाकले होते. याच दोन हातांनी.

आपल्या घरात बायकांना माणसं मारत नाहीत रे, वस्तू मारतात. मायला हौद लागला. आत्याला बैलाचं शिंग लागलं. गेल्या दिवाळीत सोनियाचा डोळा काळानिळा होता, तेव्हा तिला कपाटाचं दार लागलं होतं. ते मी ऐकून घेतलं आणि तिला क्रीम दिलं. आता मला कठड्याचा पाईप लागणार.

माय गेल्यावर सोनिया माझ्या मागं बसून वेणी घालत होती. इतके दिवस तोंडातून शब्द नाही, आणि एकदम म्हणाली, "ताई, तुमी एक म्हणा नायतर दोन म्हणा, मी काय म्हणणार न्हाई. फकस्त एक इचारू का?"

म्हटलं, विचार.

"ते सुटून आल्यावर, पुढच्या बारीला माझ्या अंगावर काय पडल?"

वेणी घालून झाली, तिनं रबर लावलं आणि ती उठून कणीक मळायला गेली. 

मी तुझ्यावर प्रेम करते ऋतू. हे लिहिताना मला लाज वाटते, पण खोटं कशाला सांगू? तुला पोहायला मी शिकवलं, त्याच पारावरून. तुझ्या हातातल्या लाँचचं चाक बघून त्या सकाळी माझे डोळे भरले होते. आणि रात्री झोपेत तुझा पाय माझ्या कोपरावर असतो. दोन्ही खरं आहे. तू बाहेर यावंस असं मला वाटतं, पण जो आत गेला तोच बाहेर येऊ नये. कोर्ट तुला बदलेल असंही मी म्हणत नाही. पण तू काय केलंस ते कुणीतरी मोठ्यानं म्हणायला हवं. मायसाठी ते कुणी म्हटलं नाही. सोनियासाठी मी म्हटलं नाही.

मुक्कामघराचं काम पुन्हा सुरू होतं आहे. रेषा मृण्मयी काढते, मी शेजारी बसून तिला शिव्या देते. दारं पुन्हा बसतील, लाँच दुसरी येईल, फळाही येईल. पुढच्या वर्षी पाणी उतरलं की पाणंदीची वाट मोकळी करणार आहोत, पण फक्की मारून नव्हे. कडूबा काकांकडे जाऊन आले. पोरांनी जाळपोळ केली त्याची म्हाताऱ्याला लाज वाटते, डोळे वर करत नव्हते. मी विचारलं, दोर धराल का? म्हणाले, "धरीन की. एका हातानं धरायला काय व्हतंय? पर तुमच्याकडनं कोण धरणार?"

सोनिया माझ्यासोबत होती. तिला कुणी विचारलं नव्हतं, तरी तिनं सांगितलं, "मी धरीन."

म्हणजे तुझ्या बाजूचं टोक तिच्या हातात असेल. तेवढ्यापुरता पदर खोचून ती त्या गाळात उभी राहील आणि जिथं दोर पडेल तिथवर तुझं शेत. त्याच्या पलीकडे नांगराचं एक तासही नाही. तू आत असलास काय आणि बाहेर असलास काय, हे ठरलं.

उद्या मी दोन सांगणार आहे. पहिला कुणासाठी उचलला होता ते सांगेन आणि दुसरा कुणासाठी ते सांगेन. तू काय बोललास तेही सांगेन, तुझ्याच शब्दांत. माय माझ्याशी बोलायची बंद होईल. होऊ दे. तिला शेवटी कुणीतरी तिच्या दातांबद्दल विचारलं, एवढं तरी झालं.

जबाबाखाली सही करावी लागेल. बँकेतली, नकाशांवरची, तुझ्या लग्नाच्या आहेराच्या पाकिटावरची माझी जुनी सही आता कुणाला करता येणार नाही, मलाही नाही. नवी गेले पाच दिवस गिरवते आहे. अजून वाकडी येते, पण वाचता येते. पहिल्यांदा तुझ्याच पत्राखाली करते, ओळखून ठेव.

जिच्या हातावर तू दोनदा मारलंस, ती तुझी बहीण,

मेघा अप्पाराव